पेटीवरचे नाव आणि ग्राहकांचा विश्वास

हापूसची पेटी दलालाकडे न पाठवता मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांत स्वतः विकणारे बागायतदार आता बरेच आहेत. पेटीवर बागेचे नाव छापले की काम झाले, असे त्यातील काहींना वाटते. परंतु नाव चालते ते घेणाऱ्यांच्या आपसातील बोलण्यावर. हे बोलणे सोसायटीच्या आवारात, महिला मंडळात, कचेरीत होते. तेथे आपल्या माणसाला ग्राहक म्हणून उभे करून स्तुती करवून घेऊ नये. लोकांना ते लगेच कळते. आपण स्वतः बागायतदार आहोत हे आधी सांगावे, मग आंब्याविषयी बोलावे.

खरी कसोटी साक्याची. साका बाहेरून दिसत नाही. मोठ्या व झाडावर जास्त पक्व झालेल्या फळांत तो अधिक आढळतो. म्हणून चौदा आणे तयारीची फळे नूतन झेल्याने देठासह काढावीत. तरीही एखादे फळ बाद निघणारच. 'आमच्या आंब्यात साका नाही' असे सांगणारा पहिल्याच पेटीत खोटा पडतो. त्यापेक्षा पेटीत चिठ्ठी ठेवावी: काढणीची तारीख, आंबा साधारण कधी खाण्याजोगा होईल आणि साका निघाल्यास फळ बदलून मिळेल. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू ठरवून दिलेल्या मर्यादेत चालतो. वापरला असल्यास तसे लिहावे. लपविण्यासारखे त्यात काही नाही.

कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील उत्पादकांना अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. ती अवश्य करावी. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, ही आपली रास्त तक्रार आहे. (मोहोर गळाला की बाहेरचा माल आपल्याच पेटीत भरणारे आपल्यातही आहेत, हे मात्र आपण चारचौघांत बोलत नाही.) पीक कमी असेल त्या वर्षी मागणी घेतानाच पेट्यांची संख्या सांगावी. उरलेल्या ग्राहकांना शेजारच्या बागेचा पत्ता, त्या बागेच्याच नावाने द्यावा.

तक्रार चारचौघांसमोर आली, तर उत्तरही तेथेच द्यावे, आणि बदली फळ त्याच आठवड्याच्या गाडीने पाठवावे.