कोशिंबिरीला चव द्यायची म्हणजे काय बिघडतं?

नाशिकच्या गंगापूर रोडवर आकाशवाणीजवळच्या भाजीबाजारात संध्याकाळी एक चक्कर मारली की काकडी, गाजर, मुळा, बीट, कोबी सगळं पिशवीत येतं. टोमॅटोचं तर विचारायलाच नको, याच रस्त्याने पुढे गेलं की गिरणारे लागतं आणि तिथला टोमॅटोचा बाजार सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. एवढी ताजी भाजी हाताशी असूनही बऱ्याच घरांत आता कोशिंबीर होत नाही. काकडी-बिटाच्या कोरड्या चकत्या ताटलीत मांडतात आणि तेच पौष्टिक, असं सांगतात. कोशिंबिरीत तेल, दाण्याचा कूट, साखर, मीठ येतं, म्हणून ती जिभेचे चोचले पुरवणारी ठरते. मला हे अजिबात पटत नाही. कच्च्या भाजीला नीट चव आणली तर ती वाटीभर खाल्ली जाते आणि अंगीही लागते. कोरड्या चकत्या निम्म्याहून अधिक ताटातच राहतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप फोडणीवर असतो: कढत तेल ओतलं की भाजीतली जीवनसत्त्वं जळून जातात. साधा हिशोब करून पाहा. चार जणांची, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम कोशिंबीर घेतली आणि तिच्यावर दोन छोटे चमचे, म्हणजे १० ग्रॅम तेलाची फोडणी ओतली. तेल १८० अंशांपर्यंत तापलेलं असलं तरी भाजीत मुख्यतः पाणीच असल्यामुळे सगळ्या भांड्याचं तापमान जेमतेम दोन-तीन अंशांनी वाढतं. तेल पडतं तिथे क्षणभर चर्र होतं, बाकी भाजी कच्चीच राहते. त्यातूनही दही घालायचं असेल तर फोडणी निवू द्यावी, म्हणजे दही फाटत नाही.

तेल नकोच, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. गाजर, टोमॅटो, पालक यांच्यातली कॅरोटिनॉइड्स स्निग्ध पदार्थात विरघळतात. शरीर ज्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतं ते गाजरातलं बीटा-कॅरोटिन त्यांपैकीच. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पालक, लेट्यूस, टोमॅटो आणि गाजर यांचं सॅलड लोकांना कधी तेल नसलेल्या, कधी कमी तेलाच्या, तर कधी भरपूर तेलाच्या ड्रेसिंगबरोबर दिलं. तेल नसताना कॅरोटिनॉइड्स रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत, तेल वाढलं तशी ती वाढली. अभ्यास लहान होता, पण गाजराच्या कोशिंबिरीवरची चमचाभर फोडणी काय काम करते ते त्यातून कळतं. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो, तेव्हा कूट असेल तर फोडणी बेताची पुरते. उपासाच्या खमंग काकडीवरचं तूप-जिरंही हेच काम करतं. वजनाची काळजी असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की एका छोट्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅम तेलात ४५ कॅलरी असतात आणि कोशिंबीर चौघांत वाटली जाते.

मोहरीबद्दलही एक समज पक्का आहे. फोडणीत मोहरी जास्त घातली की कोशिंबीर झणझणीत होते, असं वाटतं. प्रत्यक्षात गरम तेलात तडतडलेली मोहरी खमंग होते, तिखट नाही. मोहरीचा नाकात जाणारा झणका दाणा फुटून ओला झाल्यावर तयार होतो. आतलं एक विकर तेव्हा कामाला लागतं आणि उष्णतेने तेच विकर निकामी होतं. म्हणून रायत्याला मोहरी फेसून घालतात. मोहरीची पूड, चिमूटभर मीठ आणि गार पाणी एकत्र करून भराभर फेसायचं. सुरुवातीला वास मंद असतो, मग मिश्रण फिकट होऊ लागतं आणि एका क्षणी डोळ्यांत पाणी येतं. तिथे थांबायचं. लिंबाचा रस त्यानंतर घालायचा, कारण आंबटाने ती क्रिया मंदावते. गरम पाण्यात फेसलेली मोहरी मात्र नुसती कडवट लागते.

आता मीठ. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं आणि मीठ लागताच ते बाहेर येऊ लागतं. साखरेनेही येतं. त्यामुळे अनेक घरांत काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घेतात आणि कोशिंबीर छान कोरडी झाली म्हणतात. पण त्या पाण्याबरोबर ‘क’ जीवनसत्त्व आणि पोटॅशियम जातं, काकडी लिबलिबीत होते आणि मीठ पुन्हा घालावं लागतं. याला जुना उपाय आहे, काकडी चोचवणे. सोललेली काकडी उभी धरायची, टोकावर सुरीने उभे-आडवे बारीक घाव घालायचे आणि मग पातळ काप काढायचा की हिऱ्यासारखे बारीक तुकडे पडतात. किसणीने पेशी चिरडतात आणि पाणी लगेच सुटतं, सुरीने ते कमी सुटतं. कूट, खोबरं, कोथिंबीर, फोडणी आधी कालवावी. मीठ, साखर, लिंबू पानं वाढायला घेतल्यावर. मुळा आणि कोबीचं वेगळं आहे. मीठ लावून थोडा वेळ ठेवल्याने मुळ्याचा उग्रपणा कमी होतो आणि कोबी मऊ पडतो. सुटलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्यात थालीपीठ भिजवा.

काकडीचं टोक कापून घासत राहिलं की कडूपणा फेसातून निघून जातो, असं आपण लहानपणापासून पाहत आलो. तो फेस म्हणजे काकडीचा चीक. कडू चव क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांची असते आणि ती देठाकडे व सालीखाली जास्त असतात. फायदा होतो तो टोक कापल्याचा आणि साल काढल्याचा, घासल्याचा नव्हे. उन्हाचा ताण आणि पाण्याची ओढ बसली की ही द्रव्यं वाढतात. मिठातलं सोडियम जिभेला कडू चव कमी जाणवू देतं, म्हणून किंचित कडसर काकडी मीठ-साखरेत खपून जाते. पण स्पष्ट कडू लागणारी काकडी किंवा दुधी चव झाकून खाऊ नये, सरळ फेकावा. कडू दुधीच्या रसाने लोक दगावले तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती आणि कडू रस पिऊ नये, असाच तिचा इशारा होता.

रक्तदाब असलेली मंडळी हल्ली कोशिंबिरीत सैंधव किंवा काळं मीठ घालतात, ते ‘चालतं’ म्हणून. दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत, शिवाय त्यांत आयोडीन घातलेलं असेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, मग ते कोणतंही असो. चौघांच्या कोशिंबिरीला अर्धा छोटा चमचा पुरतो, म्हणजे माणशी पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर. लिंबू थोडं जास्त पिळलं तर तेवढंही लागत नाही.

टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवला की ताजा राहतो, हेही अर्धंच खरं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की आठवडाभर ५ अंशांवर ठेवलेल्या टोमॅटोतली साखर आणि आंबटपणा फारसा बदलत नाही, पण सुवास देणारी द्रव्यं घटतात. टोपलीत बाहेर ठेवलेला टोमॅटो कोशिंबिरीत जास्त बोलतो.

आणि एक समज तर धोक्याचाच आहे: लिंबू आणि मीठ पडलं की जंतू मरतात. कोशिंबिरीतल्या प्रमाणात तसं होत नाही. भाजी अख्खी असतानाच वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, चिरल्यावर धुऊ नका, आणि पावसाळ्यात चिरून विकायला ठेवलेलं काही कच्चं खाऊ नका. एवढं सांभाळलंत तर या आठवड्यात चकत्यांची ताटली बाजूला ठेवा, खमंग काकडी करा आणि चमचाभर नव्हे, वाटीभर वाढा.