नॉन-कोडिंग आरएनए, मूलपेशी आणि कर्करोग : लेट-७ चे उदाहरण

डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन, हा माहितीचा प्रवास जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविला जातो. या मांडणीत आरएनएला निरोप्याचे स्थान दिलेले असते. खरे काम प्रथिने करतात असे गृहीत धरले जाते. मानवाच्या जनुकसंचाचा वाचनक्रम हाती आल्यानंतर मात्र ही मांडणी अपुरी पडू लागली. मानवात प्रथिनांचा संकेत देणारी जनुके सुमारे २० हजार आहेत आणि त्यांचा प्रत्यक्ष संकेत देणारा भाग एकूण डीएनएच्या दोन टक्क्यांच्या आतच भरतो. उरलेल्या भागातूनही पुष्कळ आरएनए तयार होतो. ज्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही त्याला नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पूर्वी या भागाला सरसकट 'जंक' म्हणजे भंगार म्हटले जाई. २०१२ मध्ये एन्कोड प्रकल्पाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर दुसऱ्या टोकाची भाषा सुरू झाली आणि जवळजवळ सर्वच डीएनए कार्यक्षम असल्याचे सांगितले जाऊ लागले. ही दोन्ही टोके टाळलेली बरी. आरएनए तयार होतो एवढ्यावरून त्याला काही कार्य आहे असे सिद्ध होत नाही. ते प्रत्येक रेणूच्या बाबतीत प्रयोगानेच दाखवावे लागते. ज्यांचे कार्य अशा रीतीने निर्विवाद सिद्ध झाले आहे, त्यांत लेट-७ या लहानशा रेणूचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. मूलपेशी आणि कर्करोग यांचा संबंध समजून घेण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

कृमीच्या वाढीतील वेळापत्रक

सीनोर्‍हॅब्डायटिस एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा गोलकृमी. अंड्यातून बाहेर पडल्यावर चार अळी-अवस्था ओलांडून तो प्रौढ होतो, आणि प्रत्येक अवस्थेत कोणती पेशी किती वेळा विभागणार हे ठरलेले असते. काही उत्परिवर्तित कृमींत हे वेळापत्रक बिघडलेले आढळते. लिन-४ हे जनुक बिघडले तर पहिल्या अवस्थेतील विभाजने पुन्हा पुन्हा होत राहतात. हे जनुक कोणते प्रथिन बनविते याचा शोध व्हिक्टर अँब्रोस आणि त्यांचे सहकारी घेत होते. १९९३ मध्ये त्यांना आढळले की ते प्रथिन बनवीतच नाही. त्यापासून केवळ २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए मिळतो. त्याच वेळी गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की हा छोटा आरएनए लिन-१४ या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटीशी अंशतः जुळतो आणि त्यापासून प्रथिन बनणे रोखतो.

ही कृमीपुरतीच विचित्र गोष्ट असावी, असा समज पुढील सात वर्षे टिकला. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या गटाने लेट-७ शोधले. 'लेट' म्हणजे 'लेथल', प्राणघातक. कारण हे जनुक बिघडलेला कृमी बहुधा प्रौढ होतानाच मरतो. त्याच्या त्वचेतील काही पेशी मूलपेशींप्रमाणे विभागत असतात. प्रौढावस्थेच्या उंबरठ्यावर त्यांनी विभाजन थांबवायचे असते, पण लेट-७ नसेल तर त्या अळीच्याच अवस्थेत अडकून राहतात. त्याच वर्षी हा क्रम माशीपासून माणसापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा आढळला. मायक्रोआरएनए या संपूर्ण वर्गाच्या अभ्यासाला खरी चालना मिळाली ती येथून. अँब्रोस व रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूलपेशीतील कुलूप

लेट-७ पेशीत एकदम तयार होत नाही. प्रथम एक लांब आरएनए बनतो. केंद्रकात ड्रोशा हे विकर त्यातून केसाच्या पिनेसारखा दुमडलेला तुकडा कापते आणि केंद्रकाबाहेर डायसर हे विकर त्या पिनेचे वळण छाटून टाकते. उरलेली सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांची लडी आर्गोनॉट प्रथिनात बसते आणि त्याला लक्ष्याकडे नेते. लक्ष्य ओळखण्यासाठी मुख्यतः तिच्या आरंभीची सहा-सात अक्षरे जुळली तरी पुरते. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर परिणाम करू शकतो, त्याचे कारण हेच.

भ्रूणातील मूलपेशींत लेट-७ चा कच्चा आरएनए असतो, पण तयार लेट-७ जवळजवळ नसतो. याचा उलगडा २००८ मध्ये झाला. या पेशींत लिन-२८ नावाचे प्रथिन भरपूर असते. ते पिनेच्या वळणाला चिकटते, पुढील कापणी अडविते आणि दुसऱ्या एका विकराकरवी त्या तुकड्याला युरिडिनची शेपटी लावून त्याला नाशाच्या वाटेवर ढकलते. गंमत अशी की लेट-७ तयार झाले तर तेही लिन-२८ च्या निर्मितीवर घाव घालते. दोघेही परस्परांचे वैरी असल्याने पेशी मधल्या अवस्थेत फार काळ राहू शकत नाही. लिन-२८ वरचढ असेल तर मूलपेशीपण टिकते. लेट-७ वरचढ झाले की पेशी त्वचा, स्नायू, मज्जा अशा निश्चित मार्गाला लागते. २००७ मध्ये जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी त्वचेच्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे बनविले, तेव्हा वापरलेल्या चार घटकांत लिन-२८ होते, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

तेच कुलूप कर्करोगात

लेट-७ ज्या जनुकांना आवर घालते त्यांत रास, मिक आणि एचएमजीए-२ आहेत. कर्करोगाच्या अभ्यासकांना ही नावे नवी नाहीत. फुफ्फुसाच्या कर्करोगात लेट-७ घटलेले असते आणि ज्यांच्यात ते फार कमी असते असे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर कमी काळ जगतात, असे २००४ मध्ये जपानी संशोधकांनी नोंदविले. लेट-७ रासवर थेट नियंत्रण ठेवते हे पुढच्याच वर्षी दाखविले गेले.

२००७ मधील स्तनाच्या कर्करोगावरील एक प्रयोग वर्गात सविस्तर सांगण्याजोगा आहे. गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात. काही थोड्या पेशींत नवी गाठ सुरू करण्याची क्षमता अधिक असते आणि केमोथेरपीतून त्याच तगून राहतात. या पेशींत लेट-७ अत्यल्प असल्याचे आढळले. ते बाहेरून पुरविताच त्यांची स्वतःसारख्या पेशी निर्माण करण्याची क्षमता घटली आणि उंदरांत गाठी व त्यांचा प्रसार कमी झाला. पुढे संशोधकांनी लक्ष्ये एकेक करून तपासली. केवळ एच-रास दाबले तर स्व-नवीकरण घटले, पण पेशी परिपक्व झाल्या नाहीत. केवळ एचएमजीए-२ दाबले तर उलट घडले. मूलपेशीपण म्हणून जे एकच वाटते त्याचे दोन वेगळे धागे आहेत आणि एकच लहान आरएनए ते दोन्ही हातात धरतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

मानवी कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्क्यांत लिन-२८ किंवा त्याचे भावंड लिन-२८बी पुन्हा जागे झालेले आढळते. लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या विल्म्स गाठीचे उदाहरण विशेष बोलके आहे. उंदरांच्या वाढत्या मूत्रपिंडात लिन-२८ चालू ठेवल्यास तशीच गाठ होते आणि ते बंद केल्यास ती मागे हटते, असे २०१४ मध्ये दिसून आले. कृमीच्या त्वचापेशीप्रमाणेच येथेही पेशी बालपणात अडकलेली असते.

अर्थात 'कर्करोगाची मूलपेशी' ही कल्पना सर्व गाठींना सारखी लागू नाही. रक्ताच्या काही कर्करोगांत तिला भक्कम आधार आहे. त्वचेच्या मेलानोमात मात्र, प्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण केलेले उंदीर वापरल्यावर, तपासलेल्या सुमारे दर चार पेशींपैकी एक पेशी गाठ निर्माण करू शकते असे २००८ मध्ये दिसले. मोजण्याची रीत बदलली की दुर्मिळ वाटणारी गोष्ट सर्रास ठरते.

लांब आरएनएबद्दलचे वाद

दोनशेहून अधिक न्यूक्लिओटाइडांच्या आरएनएला 'लांब' म्हणतात. ही सीमा केवळ प्रयोगशाळेच्या सोयीची आहे. मादीच्या प्रत्येक पेशीतील एक एक्स गुणसूत्र बंद करणारा झिस्ट हा त्यांतील निर्विवाद नमुना. मॅलॅट-१ ची गोष्ट तशी नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा प्रसार होणाऱ्या रुग्णांत तो वाढलेला असल्याचे २००३ मध्ये कळले. पण तो काढून टाकलेले उंदीर निरोगी जन्मले आणि २०१८ मध्ये स्तनाच्या कर्करोगात तो प्रसार रोखतो असा उलटा निष्कर्ष आला. एखादा आरएनए कर्करोगात वाढलेला दिसला म्हणजे तोच कारण, असे विद्यार्थी सहज लिहून जातात. त्यांच्यासमोर हे उदाहरण ठेवावे.

निदानात मात्र कारण ठाऊक असण्याची गरज नसते. प्रोस्टेट कर्करोगात वाढणाऱ्या पीसीए-३ या लांब आरएनएची लघवीतील चाचणी अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाली.

उपचाराची अडचण

हरवलेला मायक्रोआरएनए परत द्यावा ही कल्पना साधी वाटते. तिची माणसांवरील पहिली मोठी परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली. पी-५३ या रक्षक प्रथिनाच्या आज्ञेत काम करणारा मिर-३४ मेदाच्या सूक्ष्म थेंबांत भरून रुग्णांना दिला गेला. काही रुग्णांच्या गाठी आकसल्या. परंतु प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणाम होऊन चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये ही चाचणी थांबविण्यात आली. कर्करोगावरील मायक्रोआरएनए-औषधाला अद्याप मंजुरी मिळालेली नाही.

लहान आरएनए औषध म्हणून चालतच नाहीत असे नव्हे. २०१८ पासून वापरात आलेले पॅटिसिरान एका आनुवंशिक मज्जाविकारावर उपयोगी पडते. ते एकाच जनुकाला लक्ष्य करते आणि त्याला यकृतात पोहोचायचे असते, जेथे असे मेदाचे थेंब आपोआपच साठतात. फुफ्फुसातील वा स्तनातील गाठीपर्यंत, तीही नेमक्या त्या मोजक्या पेशींपर्यंत, आरएनए नेण्याचा मार्ग तेवढा सोपा नाही. शिवाय शेकडो जनुकांवर एकाच वेळी परिणाम करणारा रेणू निरोगी मूलपेशींनाही स्पर्श करणार. अस्थिमज्जेतील मूलपेशी रोज अब्जावधी रक्तपेशी पुरवितात. औषधाची मात्रा ठरविताना त्यांचा विचार आधी करावा लागतो.