तिसरी टिक आणि गृहसचिवांची सही

मेसेजवर तिसरी, लाल टिक दिसली की समजायचं, सरकारने तो वाचला. उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार, फोन थेट मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडला जाणार. हा मजकूर गेली कित्येक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे आणि कर्जत, नेरळ, खोपोलीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवरही 'सर्वांना पाठवा' या शेपटासकट येतो. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा ठरवला, तरी मरत नाही, कारण सरकारला सगळं दिसतं हे आपण मनोमन मान्य करून टाकलं आहे. आणि तीच माणसं 'आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय' म्हणून निवांतही असतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. कायद्याने तुमचा ईमेल पाहायचा तर सरकारला कागद लागतो, आणि वाद घालायचा तो त्या कागदावर सही कोणाची, यावर.

कर्जत किंवा खालापूर ठाण्यातल्या निरीक्षकाच्या मनात आलं म्हणून कोणाच्या जीमेलवर पाळत बसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आणि त्याखालचे २००९ चे नियम यांप्रमाणे राज्यात अशा आदेशावर गृह खात्याच्या सचिवांची सही लागते. अलिबागला बसणाऱ्या पोलीस अधीक्षकांनाही तो अधिकार नाही. अगदी निकड असेल तर महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी काम सुरू करू शकतो, पण कामकाजाच्या तीन दिवसांत वर कळवायचं आणि कामकाजाच्या सात दिवसांत मंजुरी न आल्यास थांबायचं. आदेश साठ दिवसांचा, वाढवत नेला तरी १८० दिवसांपुरता. २० डिसेंबर २०१८ ला केंद्राने अशी पाळत ठेवू शकणाऱ्या दहा यंत्रणांची यादी जाहीर केली तेव्हा 'आता दहा खाती कोणाचाही कॉम्प्युटर उघडणार' अशी ओरड झाली. प्रत्येक प्रकरणात स्वतंत्र परवानगी लागतेच, असा खुलासा गृह मंत्रालयाने तेव्हा केला होता.

हे सगळं ठीक, पण या कागदावर न्यायाधीश कुठेच नाही. मागणारे सरकारचे, मंजुरी देणारे सरकारचे, आणि दर दोन महिन्यांनी आदेश तपासणारी राज्याची समितीही मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली सचिवांचीच. २०१३ मध्ये माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार केंद्राकडून महिन्याला फोनसाठी ७,५०० ते ९,००० आणि ईमेलसाठी ३०० ते ५०० आदेश निघत होते. म्हणजे घराघरातला ईमेल वाचला जात नव्हता, हे उघड आहे. पण न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात दाखवून दिलं की केंद्राच्या फेरतपासणी समितीपुढे एकेका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. आठ तास न उठता बसलं तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंद येत नाहीत. याला तपासणी म्हणायचं की शिक्का मारणं?

ईमेलची स्थिती तर साध्या पत्राहून नाजूक आहे. कर्जतच्या पोस्टात आलेलं तुमचं पाकीट पोलिसांना तपासासाठी हवं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा त्यावरच्या कोर्टाचा आदेश लागतो. (पोस्ट कायद्यातले केंद्राचे अधिकार वेगळे.) इलेक्ट्रॉनिक पत्रव्यवहार मात्र कलम ९४ खाली ठाण्याचा प्रमुखही लेखी आदेशाने मागू शकतो. फोनचं पाहा. तो ऐकायला 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षा' ही अट १८८५ च्या तार कायद्यात होती आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही आहे. याच अटीवर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ ला लाचेच्या एका प्रकरणातले गृह मंत्रालयाचे तीन टॅपिंग आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. कलम ६९ मध्ये ती अटच नाही. तिथे 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' एवढं कारण पुरतं.

एनक्रिप्शन आहे म्हणजे निर्धास्त, हाही एक समज. जीमेलचा मजकूर प्रवासात सुरक्षित असतो, पण सर्व्हरवर त्याची किल्ली गूगलकडेच असते. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कंपनीला वाचता येत नाही, पण कोणाशी आणि कधी बोललात याचा माग राहतो, आणि बॅकअप एनक्रिप्ट करायची सोय तुम्ही स्वतः चालू करावी लागते. पोलिसांच्या नोटिशीवर गूगल खातेदाराचं नाव, नंबर, आयपी पत्ता देऊ शकतं. मेलच्या मजकुरासाठी मात्र बहुधा भारत-अमेरिका परस्पर कायदेशीर साहाय्य कराराचा लांबचा रस्ता धरावा लागतो. म्हणून तपासात सगळ्यात सोपी वाट असते तुमच्या खिशातल्या, अनलॉक केलेल्या फोनची. तो जप्त करायचा तर पंचनामा हवा आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे चित्रीकरणही.

पाळतीच्या आदेशावर न्यायाधीशाचीच सही हवी, असं म्हटलं की तोवर चोर पळून जातील, असा आक्षेप घेतला जातो. पण रिमांडसाठी पोलीस सुट्टीच्या दिवशी दंडाधिकाऱ्यांच्या घरी जातातच की. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चोरून पाहणारा कागद कशाला करील? एल्गार परिषद प्रकरणात बचाव पक्षासाठी तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी प्रयोगशाळेने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये जून २०१६ ला ईमेलवाटे मालवेअर घुसवून फाइली पेरल्या गेल्या. हे कोणी केलं, ते अहवालात नाही आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेला (एनआयए) तो मान्यही नाही. पण अशा वेळी आदेश कुठे आहे, हे कोर्टात विचारता येतं ते कागदाची सक्ती आहे म्हणूनच. आणि लपवण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्याने आपला मेलबॉक्स एकदा वरपासून खाली पाहावा. आधारची प्रत, बँकेचं स्टेटमेंट, रक्ताचा रिपोर्ट, आणि आपल्या तालुक्यांत हमखास असणारे सातबारा आणि खरेदीखताचे मसुदे.

सरकारला सगळं दिसतं या समजुतीचा खरा फायदा आज भामटे उठवताहेत. 'सीबीआय तुमच्यावर नजर ठेवून आहे, कॅमेरा बंद करू नका' म्हणत ते निवृत्त माणसांना दिवसदिवस व्हिडिओ कॉलवर बसवतात आणि ठेवी मोडायला लावतात. याला ते 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात, पण कायद्यात असा प्रकारच नाही, आणि कोणतीही यंत्रणा व्हिडिओ कॉलवर पैसे भरून घेत नाही. असा फोन आला तर सरळ कापा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा, आणि घरातल्या ज्येष्ठांना हे आजच सांगून ठेवा.