वादळात नाव न्यावी कुठे?

जबलपूरजवळ भेडाघाटला संगमरवरी खडकांमधून नौकाविहार केलेल्यांना ठाऊक असेल की, पावसाळ्यात तो बंद असतो. नर्मदेला पूर येणार किंवा वर बरगी धरणाचे दरवाजे उघडणार असे कळले, की नावाडी आपली नाव घाटावर उंच ओढून बांधतो. नदीत धोका कोणत्या बाजूने येणार हे ठरलेले असते. समुद्रावर मात्र वाराच दिशा बदलतो, आणि शिडाची नाव तर सर्वस्वी वाऱ्याच्या हाती!

मग वादळाची खबर मिळाल्यावर तांडेलाने आसरा कुठे घ्यावा? जवळच्या बंदरात, असे कुणीही म्हणेल. पण अरबी समुद्रातले चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकते तेव्हा काय होते, ते पाहा. किनाऱ्यावर आधी पूर्वेचा वारा असतो. वादळ समोरून जाताना तो दक्षिणेचा होतो आणि ते पुढे गेल्यावर नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून झोडपू लागतो. सकाळी पाणी शांत दिसले म्हणून जिथे नांगर टाकला, तीच जागा संध्याकाळी उघडी पडते आणि नाव खडकांकडे लोटली जाते. म्हणून आता वाहणारा नव्हे, तर नंतर येणारा वारा ध्यानात घेऊन जागा निवडावी लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड बंदर या कसोटीला उतरते. पश्चिमेला किल्ल्याचा डोंगर समुद्रात पुढे आलेला, आणि त्याच्या आडोशाला बंदर. शिडाच्या गलबतांच्या काळात, १८८० च्या गॅझेटिअरनेही या बंदराची वाखाणणी केली होती.

२०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाने दक्षिणेकडील मच्छीमारांना भर समुद्रात गाठले. त्यांपैकी अनेकांनी घराकडे वळण्याऐवजी आपल्या किनाऱ्याचा आसरा घेतला. केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ अशा ६८ नौका, ९५२ जणांसह, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. ओळखीचे बंदर सोडून शेकडो मैल दूरचे बंदर गाठणे, हा निर्णय सोपा नव्हे.

पण चांगले बंदर मिळाले म्हणजे झाले, असेही नाही. मे २०२१ मधील तौक्ते वादळात देवगडच्याच आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या दोन नौका बुडाल्या आणि खलाशांचे प्राण गेले. त्याच वादळात मुंबईपासून दूर, तेलक्षेत्रातच नांगरून राहिलेल्या पी-३०५ या तराफ्याचे नांगर सुटले. त्यावर २६१ माणसे होती. ७० हून अधिक दगावली.

शिडाच्या नावेला तर वेळेचेही बंधन असते. समोरच्या वाऱ्यात तिला नागमोडी जावे लागते, म्हणजे अंतर वाढते. त्यात खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असला, तर ओहोटीच्या वेळी तिथे लाटा फुटतात. अशा वेळी आत घुसण्यापेक्षा किनाऱ्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात राहणे अनेकदा कमी धोक्याचे ठरते. कितीही भयानक वाटले, तरी तिथे आपटायला खडक नसतो.

आत पोहोचल्यावर नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाच ते सात पट सोडायचा, शेजारच्या नावांपासून अंतर ठेवायचे, शिडे उतरवून घट्ट बांधायची आणि वारा वाढण्यापूर्वीच माणसांनी किनाऱ्यावर यायचे.