पाट्याची टाकी आणि हिऱ्याची सुई

घरोघरी पाटा-वरवंटा होता तोवर दारावर टाकी लावणाऱ्यांची हाक नेहमी यायची. घासून घासून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती इकडून तिकडे सरकते. मग छिन्नी-हातोडीने त्याच्या अंगभर बारीक बारीक टोचे पाडून घ्यायचे, पाटा खळखळून धुवायचा आणि दाताखाली कचकच येऊ नये म्हणून पहिलं वाटण टाकून द्यायचं. पैसे मोजून दगड खडबडीत करून घेणाऱ्या त्या बायकांना पृष्ठभागाचं शास्त्र नेमकं कळलेलं होतं. ‘गुळगुळीत तेवढं चांगलं’ ही आपली समजूत त्यापुढे फारच भाबडी वाटते.

हा खरखरीतपणा मोजता येतो, आणि तोही मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, म्हणजे मायक्रोमीटरमध्ये. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रोमीटर जाड असतो. लेथवर चांगल्या केलेल्या शाफ्टवरचे उंचवटे त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पूर्वी ड्रॉइंगवर एक, दोन, तीन असे उलटे त्रिकोण काढून फिनिश सांगितला जाई आणि अनुभवी टर्नर जॉबवरून नख फिरवून तो आला की नाही ते ठरवी. जर्मनीत गुस्टाव श्माल्ट्झ यांनी १९२९च्या सुमारास सुई आणि प्रकाशाची तिरीप वापरून पृष्ठभागाचा आलेख मिळवला. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या टेलर-हॉब्सन कंपनीचं ‘टॅलिसर्फ’ हे खरखरीतपणा मोजणारं यंत्र १९४१मध्ये आलं. आज भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये तळहातावर मावणारा रफनेस टेस्टर तेच काम करतो. जॉब व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, बटण दाबायचं. हिऱ्याची सुई अगदी हलक्या दाबाने, संथपणे पुढे सरकते. तिच्या टोकाची त्रिज्या दोन किंवा पाच मायक्रोमीटर. नेहमीच्या कामाला ०.८ मिलिमीटरचे पाच तुकडे, म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर अंतर मोजलं जातं आणि पडद्यावर एक आकडा उमटतो: आरए.

आरए म्हणजे सरासरी. आलेखातून मधली रेषा काढायची, आणि टेकाड असो वा खळगा, प्रत्येक बिंदू त्या रेषेपासून किती लांब आहे ते घेऊन सगळ्यांची सरासरी काढायची. लेथवर हा आकडा कुठून येतो, हे कागदावरही दिसतं. धातू कापणाऱ्या इन्सर्टचं टोक गोल असतं, त्याची त्रिज्या म्हणजे नोज रेडियस; आणि जॉबच्या दर फेऱ्याला ते थोडं पुढे सरकतं, तो फीड. म्हणून मागे बारीक नाळ्या राहतात. फीडचा वर्ग करून त्याला नोज रेडियसच्या आठपटीने भागलं की नाळीची खोली मिळते. फीड ०.२ आणि रेडियस ०.८ मिलिमीटर असेल तर खोली सव्वासहा मायक्रोमीटर. फीड निम्मा केला की ती चौथाईवर येते. प्रत्यक्षात मशिनची थरथर आणि टूलची झीज त्यात भर घालते, पण हे साधं गणित ज्याला येतं त्याचे जॉब कमी रिजेक्ट होतात.

या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. एकीकडे कोकणातल्यासारखा सपाट सडा आणि त्यात खोल घळी. दुसरीकडे सपाट माळ आणि त्यावर उभे सुळके. घळींची खोली आणि सुळक्यांची उंची सारखी असेल, तर दोन्हींचा आरए एकच येऊ शकतो. घासणाऱ्या भागासाठी पहिला पृष्ठभाग वरदान आहे आणि दुसरा शत्रू, आणि नुसता आरए हा फरक लपवतो. ॲबट आणि फायरस्टोन यांनी १९३३मध्येच यावर उपाय दिला होता. पृष्ठभाग वरून एकेक थर खरवडत खाली गेलो, तर कुठल्या खोलीवर किती टक्के धातू लागेल, याचा त्यांनी आलेख मांडला. सडा कुठला आणि सुळके कुठले, हे त्यात लगेच कळतं.

मोटारसायकलच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, हा अशा सपाट सड्याचा आणि घळींचा सर्वांत सुंदर नमुना. आधी जाड दाण्याच्या होनिंग स्टोनने आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पाडतात. मग बारीक स्टोनने फक्त त्यांचे माथे उतरवतात. वर सपाटी उरते, तिच्यावरून पिस्टनच्या रिंगा घसरतात. खाली रेघा उरतात, त्यांत ऑइल टिकतं. बोअर आरशासारखा केला तर ऑइल थांबायला जागाच नाही. रिंगा आणि बोअर एकमेकांना ओरबाडू लागतात, प्रसंगी इंजिन सीज होतं.

जिथे काही साचून राहायला नको, तिथे मागणी उलटी. दुधाच्या यंत्रांतल्या, दुधाला लागणाऱ्या स्टीलचा आरए ०.८ मायक्रोमीटरच्या आत असावा, असा संकेत आहे. जिवाणू साधारण एका मायक्रोमीटरच्या घरातले; ओरखडे खोल असले की ते त्यांत दडतात आणि धुऊनही निघत नाहीत.

नख फिरवणारा टर्नर अडाणी होता, असं कुणी समजू नये. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २०१३मध्ये माणसांना अतिसूक्ष्म सुरकुत्यांचे पृष्ठभाग चाचपायला दिले. अवघ्या तेरा नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या आणि कोरा पृष्ठभाग यांतला फरक बोटांना कळला. एका मायक्रोमीटरमध्ये हजार नॅनोमीटर असतात, हे लक्षात घेतलं की या कौशल्याची थोरवी कळते. अट एकच, बोट फिरवायला हवं. फिरवताना कातडीत कंपनं उठतात, आणि सेकंदाला दोन-अडीचशे कंपनांच्या आसपास सर्वांत तल्लख असणारी खास संवेदी टोकं ती टिपतात. बोट नुसतं टेकवून ठेवलं तर यातलं बरंचसं हरवतं.

काही ठिकाणी सुई चालवताच येत नाही. अळूच्या पानावर थेंब मोत्यासारखा घरंगळतो, कारण त्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे त्याहून बारीक कण. थेंब माथ्यांवरच टेकतो, खाली हवा अडकलेली राहते. बॉनच्या बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७मध्ये कमळाच्या पानाबद्दल हेच दाखवून दिलं. अशा नाजूक पृष्ठभागावर सुईने मेणच खरवडलं जाईल, म्हणून तिथे प्रकाशाने मोजतात. परावर्तित प्रकाशावरून बिंदू-बिंदूची उंची ठरते आणि एका रेषेऐवजी अख्ख्या तुकड्याचा नकाशा मिळतो.

गुळगुळीत आणि खडबडीत अशा दोन्ही टोकांच्या मागण्या एकाच वस्तूत पाहायच्या तर खुब्याचा कृत्रिम सांधा पाहावा. त्याच्या धातूच्या गोळ्याला ०.०५ मायक्रोमीटरच्या आतला आरए लागतो, नाहीतर तो समोरची वाटी झिजवतो. मांडीच्या हाडात ठोकायचा दांडा सिमेंटशिवाय बसवायचा असेल, तर त्याचा पृष्ठभाग मात्र मुद्दाम खडबडीत किंवा सच्छिद्र करतात, म्हणजे हाड वाढत येऊन त्याला घट्ट धरतं.