द्वारपाळाच्या आज्ञापत्राची तपासणी

वाड्याच्या दारावर द्वारपाळ बसविला म्हणजे वाडा सुरक्षित झाला, असें पुष्कळांस वाटतें. पण द्वारपाळ कितीहि प्रामाणिक असला, तरी त्याच्या हातीं दिलेल्या आज्ञापत्रांतच चूक असेल, तर त्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग? आज शाळा, दवाखाने व पेढ्या यांचीं दप्तरें संगणकांत असतात, आणि ते संगणक एकमेकांशीं जाळ्यानें जोडलेले असतात. त्या जाळ्यांतून कोणास आंत घ्यावें व कोणास अडवावें, हें पुष्कळदां एका लहानशा लेखी फाईलींत नमूद केलेलें असतें. अशी फाईल कशी तपासावी, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहूं.

हॉलंड देशांतील आइंडहोवेन येथील तंत्रविद्यापीठाच्या संगणकांत कोणी घुसखोर शिरत असे. त्याच्यावर नजर ठेवण्याकरितां व्हीट्से वेनेमा यांनीं १९९० सालीं ‘टीसीपी रॅपर’ नांवाची आज्ञावली लिहिली. तिचीं आज्ञापत्रें दोन: ‘होस्ट्स.अलाऊ’ ही प्रवेशाची यादी व ‘होस्ट्स.डिनाय’ ही मनाईची यादी. पाहुणा आला कीं प्रथम प्रवेशाची यादी पाहिली जाते. तींत तो सांपडला तर त्यास आंत घेतात. न सांपडल्यास मनाईची यादी पाहतात. तींत सांपडला तर त्यास अडवितात. आणि दोहोंतहि न सांपडला तर? तर त्यास आंत घेतात! विद्यार्थ्यांनो, हें शेवटचें कलम नीट ध्यानांत ठेवा.

आतां चुका कशा होतात तें पाहा. कोणी मनाईच्या फाईलीचें नांव ‘होस्ट.डिनाय’ असें एक अक्षर गाळून लिहिलें, तर ती फाईल नाहींच असें धरलें जातें, व दार सर्वांस उघडें राहतें. यादीची शेवटची ओळ लिहून पुढील ओळीवर न जातां फाईल बंद केली, तर ती ओळ वगळली जाते. आणि ‘सर्वांस मनाई’ हा नियम बहुधा शेवटींच असतो. एका टिंबाचेंहि महत्त्व मोठें आहे. ‘१९२.१६८.१.’ असें लिहिल्यास २५६ पत्ते त्यांत येतात, ‘१९२.१६८.’ इतकेंच लिहिल्यास ६५,५३६ येतात, आणि ‘१९२.१६८.१’ असें शेवटच्या टिंबावांचून लिहिल्यास एकहि येत नाहीं.

ज्यास आंत घ्यावयाचें त्यास चुकून अडविलें, तर तो लागलीच तक्रार करतो. पण ज्यास अडवावयाचें तो चुकून आंत आला, तर तो तक्रार करावयास येत नाहीं. म्हणून दुसऱ्या प्रकारची चूक वर्षानुवर्षें निमूट राहते.

वेनेमा यांनीं तपासणीसाठीं दोन साधनें दिलीं. ‘टीसीपीडीचेक’ हें याद्या वाचून अस्तित्वांत नसलेलीं नांवें व चुकीच्या जागीं घातलेल्या खुणा दाखवितें. पण शुद्धलेखन बिनचूक असलेला निबंधहि विषय सोडून असूं शकतो. म्हणून दुसरें साधन ‘टीसीपीडीमॅच’ हें आहे. अमुक पाहुणा अमुक सेवेसाठीं आला तर काय होईल, हें तें आगाऊ सांगतें. सुज्ञ मनुष्य प्रथम कागदावर अपेक्षित उत्तरें लिहून ठेवतो, मग एकेक नांव विचारून पाहतो. त्यांत परक्यांचीं नांवें तो मुद्दाम घालतो, व नियम बदलला कीं सारें पुन्हां विचारतो.

आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. द्वारपाळ तें पत्र वाचतो ना? दुरून संगणकांत शिरण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएच’ आज्ञावलीनें २०१४ सालीं, ६.७ व्या आवृत्तीपासून, या याद्या वाचण्याचें सोडलें. ती आवृत्ति जशीच्या तशी चालत असेल, तेथें बिनचूक यादीहि तिच्यापुरती कोरा कागद होय.

पालकांनींहि घरच्या वाय-फायवर पाहुण्यांसाठीं निराळी वाट ठेविली असल्यास, त्या वाटेनें घरांतील संगणक गांठतां येतो कीं काय, हें एकदां स्वतः करून पाहावें. कुलूप लावल्यावर तें ओढून पाहण्याची वडीलमंडळींची संवय येथेंहि उपयोगी पडेल.