सीतेची वेणी आणि दयाळ : एकाच आंब्याचे दोन बिऱ्हाडकरू

मे महिना सरत आला की पेडणे-डिचोलीच्या गावांतून जाताना जुन्या आंब्या-फणसाकडे जरा मान वर करून बघा. जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांचा घोस कोल्ह्याच्या शेपटासारखा लोंबताना दिसेल. ही सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा हे रानटी ऑर्किड. त्याच झाडाच्या शेंड्यावर पहाटे शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी म्हणजे दयाळ. आता फूल आणि पक्षी यांची तुलना ती काय करायची? पण करून तर बघू.

दोघंही झाडाचं काही खात नाहीत. 'बांडगूळ' समजून ऑर्किड ओरबाडणारे पुष्कळ आहेत. पण ते झाडाचा रस शोषत नाही. सालीला धरून बसतं आणि मुळांवरच्या स्पंजासारख्या आवरणाने पावसाचं पाणी टिपतं. दयाळ ढोलीत घरटं करतो नि किडे टिपून पोट भरतो.

दोघांनाही सगळं उपजत मिळत नाही. ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं. त्यात अन्नसाठाच नसतो. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं आणि फुलायला पुढे काही वर्षं जातात. दयाळाच्या पिल्लालाही मोठ्यांचं ऐकूनच गाणं शिकावं लागतं.

खरा फरक झाड पडल्यावर कळतो. दयाळ उडून शेजारच्या परसात जातो. ढोली नसली तर भिंतीतल्या भोकात भागवतो. वेणी मात्र झाडाबरोबरच आडवी होते. मोपाच्या पठारावर विमानतळासाठी झाडं गेली. डिचोलीत खाणींच्या मातीच्या ढिगांवर अकेशिया लावून हिरवळ आणली. पण जुन्या आंब्याची खरखरीत साल आणि तिच्यावरची बुरशी काही लागवडीबरोबर येत नाही.

म्हणून दयाळ गातोय म्हणजे रान शाबूत आहे, असं समजू नका. फांदीवर वेणी आहे का, तेही बघा.

वाड्यावर एखादं झाड तुटलंच, तर पडलेल्या फांदीवरची वेणी मुळांसकट अलगद सोडवा आणि काथ्याने दुसऱ्या आंब्याला सावलीत बांधा. माती घालू नका. उभ्या झाडावरच्या वेणीला मात्र हात लावायचा नाही. ती तिथेच बरी.